फुंकरमहाराजांची पाकळी

फुंकरमहाराजांच्या बैठकीच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. जो तो लॅपटॉप पोटाशी धरून उभा. ज्या शोधनिबंधांसाठी कंपन्या भरमसाट पैसे मागतात, ते महाराजांच्या एका फुंकरीने फुकटात उघडत! महाराज आधी यंत्राला स्वतःच्या हाताने ‘दीक्षा’ देत, पडद्याच्या कोपऱ्यात ओली पाकळी चिकटवत आणि डोळे मिटून पुटपुटत, “सर्व्हरा, शांत हो. पासवर्डा, विरघळ.” की निबंध हजर! घरी गेल्यावर तोच निबंध उघडला नाही, तर दोष अर्थातच भक्ताचा.

भिंतीपलीकडे सार्वजनिक ग्रंथालय होतं. तिथल्या ग्रंथपालबाई हा तमाशा ऐकून हसत आणि सोडून देत. पण आज त्यांची भाची रडतच आली. पोरगी नर्सिंग शिकत होती, जखमांवरचा तिचा प्रबंध अर्धा लिहून झाला होता.

“मावशी, मी शिक्षण सोडतेय. महाराजांकडे निबंध उघडतो, घरी उघडतच नाही. ते म्हणाले, तुझ्या हातात विद्याच नाही.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “ऊठ. तोंड धू. लॅपटॉप घे.”

महाराजांनी दीक्षा दिली, पाकळी लावली, फुंकर मारली. निबंध उघडला. लोकांनी हात जोडले.

“वा!” बाईंनी पान बंद केलं. “आता महाराज, तोंडावर रुमाल धरा. फुंकर नको.”

“अशाने कोप होईल!”

“होऊ दे की. पोरी, उघड.”

भाचीने बिचकत बटण दाबलं. निबंध मुकाट्याने उघडला. खोलीत कुजबुज सुरू झाली.

मग बाईंनी लॅपटॉप वायफायवरून काढून स्वतःच्या मोबाइलच्या इंटरनेटला जोडला. “आता मारा फुंकर. अगदी पोटभर मारा.”

महाराजांनी गाल फुगवले. पाकळी थरथरली, निबंध काही उघडेना.

“कळली दीक्षा?” बाई गर्दीकडे वळल्या. “हे आमच्या ग्रंथालयाचं वायफाय, भिंतीतून इथवर येतं. महाराज आमचे सभासद, त्यामुळे पासवर्ड त्यांना ठाऊक; दीक्षा म्हणून तोच टाकतात. इंटरनेटच्या जोडणीला बाहेर दिसणारा एक क्रमांक असतो, आयपी पत्ता. वर्गणी भरून आमचा पत्ता मीच कंपन्यांना कळवलाय. त्या पत्त्यावरून कोणीही आलं, की निबंध उघडतो.”

“थोतांड!” महाराज गरजले. “पुरावा काय?”

बाईंनी पुन्हा वायफाय जोडून निबंध उघडला. “पोरी, ती पाकळी काढ.”

पाकळीखाली पडद्यावर बारीक अक्षरं होती : ‘सौजन्य – सार्वजनिक ग्रंथालय’.

“च्यायला, म्हणजे रांग पलीकडे लावायची होती!” मागून कोणीतरी ओरडलं. हसण्याने खोली दणाणली.

भाची मात्र हसली नाही. “मग घरी का नाही उघडला?”

“घरचा पत्ता वेगळा, म्हणून. तू सभासद हो. मी लॉगिन देते, त्याने घरूनही उघडेल.”

“म्हणजे माझ्या हातात...”

“तुझ्या हातात काहीही कमी नाही, बाळा.”

तेव्हा कुठे पोरीने डोळे पुसले. मंडळी, तुमची श्रद्धा कमी पडली असं कोणी सांगितलं, तर मान खाली घालून घरी जाऊ नका. त्याने काय झाकलंय, ते आधी उचलून बघा.