नख उमटतंय तोवर

नोटीस दारालाच चिकटवलेली होती, आणि अक्षरं इतकी मोठी की मावशींना चष्मासुद्धा लागला नाही. खिडकीखालचे वाळलेले वेल रविवारच्या आत काढून टाकावेत. सुंदर वसाहतीच्या स्पर्धेचे परीक्षक येणार आहेत. खाली सेक्रेटरींची लफ्फेदार सही. मावशींनी नोटीस सोलून काढली, पाठीमागे लिहिलं, ‘मेलेलं नाही, वाळतंय,’ आणि कपड्यांच्या चिमट्यानं ती वेलालाच अडकवून दिली.

वसाहतीत सगळे त्यांना मावशी म्हणत, पण मायेनंच म्हणत असं काही नाही. कपड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं काजं केलेली बाई. बोटांइतकीच जीभही भराभर चालायची. हा घेवडा त्यांच्या आईकडचा. पांढरा दाणा, त्यावर तांबडा शिंतोडा. शेंग वेलावरच वाळू द्यायची, तपकिरी होऊन खुळखुळायला लागली की सोलायची. लग्नात आईनं मूठभर दाणे हातात ठेवले आणि बजावलं, घराबाहेर एक दाणा जाऊ द्यायचा नाही. मावशींनी चाळीस वर्षं तो शब्द पाळला. नणंदेनं मागितले, नाही दिले. पहिल्या मजल्यावरच्या शेजारणीनं मागितले, तिला तर असं तोडून बोलल्या की ती तेव्हापासून समोर दिसली तरी तोंड फिरवायची.

आणि गेल्या वर्षी पोटच्या लेकानंच घात केला. सून आजारी, म्हणून हा पठ्ठ्या स्वयंपाकघरात शिरला आणि बियाण्याची बरणीच भिजत घालून मोकळा झाला. वर म्हणतो, “मस्त शिजला होता हं, आई.” मावशी आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. मग फळीवरच्या कागदाखाली नऊ दाणे सापडले. ते तळहातावर घेऊन उभ्या असताना त्यांना पहिल्यांदा आईचा राग आला. शेजारणीला तेव्हा चार दाणे दिले असते, तर आज तिच्याकडून मागून आणता आले असते!

त्या नऊ दाण्यांचे वेल आता खिडकीखाली काठ्यांवर उभे होते. ते गेले की सगळंच गेलं.

शनिवारी सकाळी सेक्रेटरी माळ्याला घेऊन आले. मावशी वाफ्यासमोर स्टूल टाकून बसल्याच होत्या.

“अहो मावशी, घेवड्याचं काय एवढं? बाजारात ढिगानं मिळतो.”

“हा मिळतो? आणून दाखवा. मी माझ्या हातानं वेल उपटते.”

“पण दिसतं कसं ते!”

मावशींनी एक शेंग फोडली, दाण्यात नख रोवलं आणि दाणा सेक्रेटरींच्या नाकासमोर धरला. “दिसलं? नख उमटतंय. उमटायचं थांबलं की दाणा तयार. अजून आठ दिवस.”

“परीक्षक थांबणार आहेत का आठ दिवस? संध्याकाळपर्यंत बाग मोकळी झाली नाही, तर हा कात्री चालवणार.”

लेक मध्ये पडला, “आई, सोड ना हट्ट.”

“तू तर बोलूच नकोस. तू खाऊन बसलायस.”

सेक्रेटरी गेले. वेल मुळासकट उपटून उलटे टांगले, तर शेंगा तशाही वाळतात, हे मावशींना ठाऊक होतं. पण घर तळमजल्यावर, भिंतींना ओल; दोन दिवसांत बुरशी धरली असती. वारा खेळतो तो फक्त जिन्यात, आणि जिन्याचा कठडा ज्याच्या त्याच्या मजल्याचा. मावशी उठल्या, पहिला मजला चढल्या आणि कित्येक वर्षांनी त्या दाराची बेल वाजवली.

“काय हो? वाट चुकलात?” शेजारीण म्हणाली.

“वेल टांगायला कठडा हवाय.”

“आणि मला काय? पुन्हा चार शब्द?”

आईचा शब्द मावशींच्या घशाशी आला. त्यांनी तो गिळला. “दाणे देईन. मूठभर. लावायला.”

“दोन मुठी,” असं म्हणून शेजारीण सुतळी आणायला आत गेली.

प्रत्येक मजल्यावर मावशींनी हाच सौदा केला. दुपारपर्यंत नऊच्या नऊ वेल जिनाभर उलटे लोंबत होते. लेकानं शिडी धरली होती.

सेक्रेटरी धापा टाकत आले. “हे काय? जिन्यात?”

“बाग मोकळी करा म्हणालात. केली.”

“आधी काढा ते सगळं!”

“माझ्या कठड्याला हात तर लावून बघा!” वरून शेजारीण गरजली.

रविवारी परीक्षक डोकी सांभाळत, वाकून जिना चढले. बक्षीस दुसऱ्याच वसाहतीला गेलं. मावशींना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

आठ दिवसांनी शेंगा खुळखुळल्या. मावशींनी नख रोवून पाहिलं; नख दुखलं, दाणा ढिम्म. मग आईच्या फोटोसमोर उभ्या राहून त्यांनी स्पष्टच सांगितलं, “मी वाटणार आहे. रागवायचं तर रागव. तुझ्या शब्दापायी नऊ दाण्यांवर आलं होतं सगळं.” आणि बरणी काखोटीला मारून त्या दारोदार फिरल्या.

पुढच्या वर्षी घरोघरी, वाफ्यात नाहीतर गॅलरीतल्या कुंडीत, काठ्या उभ्या राहिल्या. वेल पिवळे पडले, आणि स्पर्धेचे दिवस पुन्हा आले. नोटिसांचा गठ्ठा घेऊन निघालेले सेक्रेटरी मावशींना खिडकीतून दिसले. ते एका वाफ्याशी थांबले, दुसऱ्याशी थांबले, मग समोरच्या स्वतःच्या दाराशी आले. तिथं त्यांची बायको कुंडीवर वाकून एका दाण्यात नख रोवत होती.

“आठ दिवस,” ती मान वर न करता म्हणाली.