अभिनंदनाचा फ्लेक्स

लेकीचं कौतुक करायला निघालेला बाप कधी कधी दुश्मनालाही जमणार नाही असं नुकसान करून बसतो. निलंग्याच्या व्यंकटींनी तेच केलं. त्यांची अंबिका लातूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि संध्याकाळी एका क्लासमध्ये दहावीच्या पोरांना गणित शिकवत होती. एवढ्यावरून त्यांनी एसटी स्टँडच्या फाटकावर हा भला मोठा फ्लेक्स लावला, 'लातूर येथे शिक्षिकेची नोकरी लागल्याबद्दल कु. अंबिका हिचे हार्दिक अभिनंदन!' खाली समस्त भावकीची नावं. शिवाय त्याचा फोटो लेकीला पाठवला.

फोटो पाहून अंबिकाच्या पायाखालची जमीन सरकली. तिची फी एक ट्रस्ट भरत होता आणि ट्रस्टची अट होती, मुलांनी महिन्याला तीन हजारांवर कमवायचं नाही. कमावलं की मदत बंद. ही अट घातली तेव्हा मेसचा डबा काय भावाने मिळत होता कुणास ठाऊक! आता तीन हजारांत खोलीचं भाडं देऊन निम्मा महिनाही निघत नाही. म्हणून ती सहा हजार घेत होती आणि ट्रस्टला तीन सांगत होती. लबाडी म्हणा हवं तर. पोटाला कुठे अट कळते?

फ्लेक्स उतरवायला मिळेल ती एसटी धरून ती निलंग्याला निघाली. तिकीट काढताना पाहते तर पुढच्याच सीटवर ट्रस्टचे शेषेराव सर! ते मूळचे निलंग्याचे, सुट्टीला घरी निघालेले.

ओढणीने तोंड झाकून तिने फोन लावला. "अप्पा, ते काढा. आत्ताच काढा."

"का गं? फोटो बरा न्हाई आला का?"

"तसं न्हाई. अप्पा, पाया पडते, काढा ना."

"लाजायलीस व्हय! अगं, मी पेढे वाटायलो हितं."

सरांच्या पाठीमागे बसून याहून जास्त काय बोलणार? तिने देवाला साकडं घातलं, गाडी पंक्चर होऊ दे. एरवी ऊठसूट बंद पडणारा लाल डबा त्या दिवशी वेळेआधी पोचला.

फाटकात व्यंकटी पेढ्यांचा खोका घेऊन उभेच होते. सरांच्या हातावर त्यांनी पेढा ठेवला. "माझी पोरगी हाय ही." सर वर बघून वाचू लागले. तेवढ्यात अंबिकाने बापाचा दंड धरला आणि कानात सांगितलं, "माझी फी हेच भरतात. तीन हजारांवरचा पगार कळला तर शिक्षण बंद."

 व्यंकटी माणूस खमका. "सर, कसली नोकरी न् काय," ते चारचौघांदेखत म्हणाले, "खोटं छापलंय म्या. बापाची हौस. पोरगी जरा शिकवती, तीन हजार भेटतात."

सर वाईट नव्हते. उलट तिला वाचवावं असंच त्यांना वाटत होतं. "क्लासवाल्यांनी तीन म्हटलं की माझ्यासाठी विषय संपला," असं म्हणून त्यांनी तिथूनच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अंबिका ना?" क्लासचे मन्मथ सर खुशीत होते. "अहो, लातुरात तिच्यासारखी शिकवणारी दुसरी नाही! सहा देतो, पुढच्या महिन्यापासून आठ करतोय."

शेषेराव सरांनी मान खाली घालून फोन बंद केला.  फी गेली, कॉलेज गेलं, हे अंबिकाला कळलं आणि व्यंकटींनाही कळलं. तरीही आठ हजार ऐकताच त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, आणि लेकीने तो पाहिला.