पोकळीचे बळ

आश्विनातली आंबोली. विरत चाललेले धुके, कोवळे कांचनवर्णी ऊन, आणि काळ्या कातळावर सोनकीचा पिवळाधमक पसारा. दरीच्या नीलहरित खोलीत घाटरस्ता वळत वळत उतरत जातो. पाहणाऱ्याला तो रम्य वाटतो. ब्रेक दाबणाऱ्याला तितकासा वाटत नाही.

मृणालिनी नेवगी ब्रेक दाबणाऱ्यांतल्या. वय त्रेसष्ट, घरात एकट्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, ताठ मानेच्या, आणि साऱ्या आंबोलीच्या ‘बाई’. त्यांची मॉरिस मोटार शेवाळी रंगाची, गोलमटोल, साठ पावसाळे पाहिलेली. बाईंचा तिच्यावर जीव होता आणि हे सांगायला त्या कधी लाजत नसत.

गेल्या साली उजव्या पायाचे हाड मोडले. हाड जुळले, बळ परतले नाही. जुन्या गाडीचा ब्रेक कठोर, जुळलेला पाय दुबळा. वैशाखात एका उतारावर गाडी थांबता थांबेना, तेव्हा बाईंनी दोन्ही पाय एकाच पेडलवर रोवले आणि अक्षरशः उभ्या राहिल्या. शेजारी धाकटा भाऊ सदानंद होता. गाडी कशीबशी थांबली. आठवड्याभरात त्याने गाडीला गिऱ्हाईक शोधले.

“ताई, पाय तुझं ऐकत नाही. विकून टाक गाडी.”

“आश्विनातल्या दुसऱ्या रविवारी ये,” बाई म्हणाल्या. “घाटातली तीन वळणं उतरते, तिन्हीवर थांबून दाखवते. एका पायाने. नाही जमलं तर किल्ली तुझी.”

बोलून बसल्या खऱ्या. पण गाडी गेली तर सावंतवाडीचा बाजार दुसऱ्याच्या सवडीने, ग्रंथालय दुसऱ्याच्या सवडीने, मनात आले की समुद्र पाहायला जाणे तर विसरायचेच. त्या कल्पनेनेच बाईंचा जीव गुदमरे.

म्हणून त्यांनी बेळगावच्या भंगारबाजारातून सर्वो पैदा केला. काळाकभिन्न, वाटोळा, लहान पातेल्याएवढा. पायाच्या दाबाला इंजिनाच्या जोराची जोड देणारे हे यंत्र पेडलपासून दूर, बॉनेटखालच्या कोपऱ्यात बसते. बसवणारा होता बस्त्याव फर्नांडिस: कधीकाळी बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर पाढे चुकवणारा, आता पन्नाशीचा, कसलेला मिस्त्री.

चार दिवस गॅरेजात लोखंड बोलत राहिले. पट्टी कापली, भोके पाडली. ताम्रवर्णी नळी वाकली, कृष्णवर्णी नळी वळली. जे स्वतः करता येईल ते बाईंनी स्वतःच केले. नुसते स्टुलावर बसून बघणे त्यांच्या रक्तात नव्हते. मग ब्रेकच्या तेलातली हवा काढायची वेळ आली. बस्त्याव चाकापाशी उताणा, बाई पेडलवर.

“दाबा.” “दाबलं.” “धरा.” “धरलंय.” “सोडा.”

दाबा, धरा, सोडा. काचेच्या बाटलीत बुडबुडे उठत, फुटत, विरत. दाबा, धरा, सोडा. पाय थरथरे, कपाळावर घाम निथळे, ओठ घट्ट मिटलेले. बाई हटल्या नाहीत.

शनिवारी दुपारी इंजिन सुरू केले. बाईंनी पेडलवर पाय ठेवला. पेडल दगड. काल होते तसेच, वैशाखात होते तसेच. उद्या सदानंद येणार होता. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आले आणि त्यांनी ते ग्रीसच्या हातानेच पुसून टाकले.

बस्त्याव बॉनेटखाली वाकला. इंजिनापासून सर्वोपर्यंत जाणाऱ्या नळीत एक चिमुकली झडप होती, हवेला एकाच दिशेने वाट देणारी. ती बाईंनी बसवली होती. तिच्यावरचा बाण सर्वोकडे पाहत होता.

“बाई, हो बाण उलटो बसलो हा.”

“उलटा कसा? जोर इंजिनाकडून सर्वोकडे जायचा ना?”

बस्त्याव गालात हसला. “इंजिन काय देणा नाय, बाई. ता सर्वोतलो वारो वढून घेता. डबो रिकामो झालो, काय भायलो वारो आत दाबता, मगे जोर येता.”

बाईंनी बाणावरून बोट फिरवले. मदत म्हणजे कुणीतरी काहीतरी भरभरून द्यायचे, असेच त्या आयुष्यभर धरून चालल्या होत्या; म्हणून तर ती कधी कुणाकडे मागितली नाही. आणि इथे पोकळीच बळ देत होती! पस्तीस वर्षे फळ्यावर शून्य काढणाऱ्या बाईला हे सुचू नये?

“हात फुडे करा,” बस्त्याव त्यांच्याच जुन्या, करड्या आवाजात म्हणाला.

बाईंनी मुकाट्याने हात पुढे केला. त्याने छडी मारली नाही. काढलेली झडप तळहातावर ठेवली. दोघेही पोट धरून हसले. मग बाईंनी ती स्वतः फिरवून बसवली.

सर्वो लागला का ते पाहायला इंजिन बंद ठेवून पेडल पाचदा दाबले. सहाव्यांदा पाय त्यावर रोवला आणि किल्ली फिरवली. इंजिन घुमले, गुंजले. आणि पायाखालचे पेडल आपसूक, अलगद, अंगुळभर खाली गेले. बाईंनी श्वास रोखून ते अनुभवले.

रविवारी सदानंद शेजारी बसला, दरवाजाचे हँडल करकचून धरून. पहिल्या वळणावर बाईंचा उजवा पाय टेकला; गाडी थांबली. दुसऱ्यावर टेकला, थांबली. तिसऱ्यावर पाय जेमतेम टेकला, आणि मॉरिस मृदू, मंद, मुकाट उभी राहिली.

“तीन झाली, ताई,” सदानंद म्हणाला. “जिंकलीस. फिरव आता.”

“मोजत बसू नकोस,” बाई म्हणाल्या आणि गाडी खालीच सोडली.

चौथे वळण आले, गेले. पाचवे आले, गेले. हँडलवरची मूठ कधी सैलावली, सदानंदचे त्यालाच कळले नाही. पाय टेकला, गाडी सावरली. पाय उचलला, गाडी निघाली. खाली दाणोलीची तांबडी कौले झाडांतून उघडी पडू लागली, आणि त्यांच्याकडे शेवाळी मॉरिस उतरत राहिली, एका पायाच्या तालावर, सावकाश, सावकाश, सावकाश.