कपाटातला राउटर

अकरा वाजता माझी मुलाखत होती, दीड वर्षानंतरची पहिली. चाचणी म्हणून साडेनऊला नवऱ्याला ऑफिसात व्हिडिओ कॉल लावला, तर त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. चित्र गोठलं होतं. नोकरी घरूनच करायची. नेट असं असेल तर मला कोण घेणार?

कनेक्शन खालच्या मजल्यावर, सासूबाईंकडे. आदल्या दिवशी त्यांनीच जिन्यातून वायर वर आणून आमच्यासाठी दुसरा राउटर जोडला होता. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडल्यात त्यांनी. मी कॉम्प्युटरची पदवीधर. मी पासवर्ड टाकला.

हाक मारली तशा त्या वर आल्या. लॅपटॉपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझा फोन आणि एक खडू घेतला आणि दर दोन पावलांवर थांबून फरशीवर आकडे लिहीत सुटल्या. फोनवर सिग्नलच्या जितक्या काड्या, तितका आकडा. एक, शून्य, एक. मागून बाळ रांगत आकडे पुसत होतं.

"आई, सेटिंग बघू का?"

"बघ की. माझं चालू दे."

लोखंडी कपाटाशीही एकच काडी. त्यांनी दार उघडलं, एकदम चार. आत दुपट्यांमागे राउटर.

"याला आत कोणी घातलं?"

"मी. बाळ वायरी चावतं ना. तुम्ही खाली गेल्यावर ठेवला."

"आणि लोखंडी दार लावलंस."

"कडीसुद्धा."

"पदवीत हे नव्हतं वाटतं," एवढंच म्हणाल्या आणि स्टूल ओढलं.

वायर त्यांनी दोन हात जास्तीची ठेवली होती. मला तो पसारा वाटला होता. आता तीच खोलीच्या दाराच्या चौकटीवरून फिरवली, वीतभर अंतरावर एकेक क्लिप ठोकली, राउटर भिंतीवरच्या उंच फळीवर ठेवला. प्रत्येक क्लिप ओढून पाहिली. मग म्हणाल्या, "आता बाळाला सोड."

मी दचकले.

"अगं, वायर कुठे हाताला लागते ते तो शोधेल तसं तुला-मला नाही शोधता येणार."

बाळ चौकट धरून उभं राहिलं, हात उंचावले, बराच विचार केला आणि धपकन खाली बसलं. सासूबाईंनी समाधानाने मान डोलावली. इतकं नेटकं काम मी कुठल्याच प्रयोगशाळेत पाहिलं नव्हतं.

मुलाखत चाळीस मिनिटं चालली. चित्र एकदाही अडकलं नाही. मध्येच बाहेरून बाळाचं रडू ऐकू आलं, मग सासूबाईंचा आवाज, आणि रडू थांबलं. मी जागची हलले नाही.

"सोमवारपासून सुरू करा म्हणाले," मी बाहेर येऊन सांगितलं.

"मग सोमवारी मी नऊलाच वर येते. बाळ माझ्याकडे. चालेल?"

आजच्या आधी बाळाला कुणाकडे देऊन मी धड आंघोळही केली नव्हती.

"चालेल," मी म्हणाले. "त्याचं खाणं, झोप, औषध, सगळं कागदावर लिहून देते."

"दे. फक्त बाजूला थोडी जागा सोड. मलाही काही लिहायचं असेल."