अबू खालिदचा पाय

आशाच्या खांद्याखालचा डाग इस्त्रीचा आहे, हे कळायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. पुढचं टोक, मागची सपाट कड, मधे वाफेच्या भोकांचे ठिपके, सगळं कसं छापल्यासारखं उमटलं होतं. आशा म्हणाली, कपडे इस्त्री करताना चुकून लागली. वैजयंतीने मलम लावता लावता विचारलं, कुवेतला पाठीने इस्त्री करतात की काय. आशा हसली नाही.

वैजयंती इंग्लंडातल्या मेडनहेडमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होती. पुण्याहून येऊन तिला अठरा वर्षं झाली होती, जीभ तिखट होती, आणि आपल्याला माणसं बरोबर ओळखता येतात असा तिचा दांडगा समज होता. नदीकाठच्या त्या मोठ्या भाड्याच्या घरात ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायची ती म्हाताऱ्या अबू खालिदच्या पायासाठी. मधुमेहामुळे त्याच्या टाचेला झालेली जखम काही केल्या भरत नव्हती. पट्टी बदलायला तिला नर्स पाठवता आली असती. पण गरम पाणी घेऊन येणारी मोलकरीण दापोलीकडची निघाली, मराठीत बोलायला लागली, आणि वैजयंती स्वतःच येत राहिली.

कुटुंब कुवेतचं. तिकडचा उकाडा चुकवायला ही मंडळी दर उन्हाळ्यात इंग्लंडला यायची आणि सप्टेंबरात परत जायची. १९९०च्या ऑगस्टात ती मेडनहेडमध्ये असतानाच इराकचे रणगाडे कुवेतमध्ये घुसले, आणि परत जायला देशच उरला नाही. म्हाताऱ्याचा मुलगा खालिद तिकडे तेलाच्या खात्यात मोठा साहेब होता. चाळिशीचा, देखणा, बोलायला अदबशीर. त्याच्या एका सहीवर जहाजं भरायची म्हणे. आता बँकेत त्याचे दिनार कोणी हातात धरेना आणि मागे राहिलेल्या भावाचा पत्ता लागेना. टीव्हीवर दिवसभर तेच: फोडलेली दुकानं, जळक्या गाड्या, रस्त्यात पालथी पडलेली माणसं. खालिद ते बघत बसायचा आणि मग उठायचा. आधी त्याने टेलिफोन फोडला, मग दिवाणखान्यातला आरसा, मग आशाला.

पहिले आठ दिवस वैजयंतीला त्याची दया आली होती. स्वतःचं घर दुसऱ्याच्या बुटाखाली टीव्हीवर बघायचं म्हणजे काय, हे तिला समजत होतं. पण आशाची बोटं दारात चेंगरली, मग तिचा एक दात गेला, मग हा इस्त्रीचा डाग आला, आणि दयेचं दुकान वैजयंतीने बंद केलं.

आशा सहा वर्षं या घरात होती. दापोलीजवळच्या गावी तिची मुलगी आजीपाशी वाढत होती. कुवेतला उतरल्या दिवशी तिचा पासपोर्ट मालकाकडे गेला तो गेलाच. नोकराचे कागद मालकाच्या कपाटात, ही तिकडची रीतच. इंग्लंडने त्या रीतीला कायद्याची झालर लावून दिली होती. विमानतळावर बसलेला शिक्का मालकाच्या नोकरीपुरता होता, म्हणजे आशाने हे घर सोडलं की या देशात ती गुन्हेगार. म्हणून ती पोलिसांचं नाव काढलं की पांढरीफटक पडायची. उपाय दिसत होता तो एकच: आधी तिला बाहेर काढायची, लेस्टरला वैजयंतीची मैत्रीण सुप्रभा होती तिच्याकडे ठेवायची, आणि वकील गाठायचा.

आता, परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना एक खोड लागते. बसमध्ये समोर बसलेल्या माणसाच्या नाकाबद्दल, बायकोबद्दल, टोपाबद्दल आपण खुशाल मराठीत बोलतो, चेहरा असा ठेवून की जणू हवामानाची चर्चा चालली आहे. मराठी म्हणजे आपली खिशातली खोली, किल्ली फक्त आपल्याकडे, असं वाटायला लागतं. वैजयंतीला ही खोड जरा जास्तच होती. अबू खालिद खुर्चीत बसलेला असायचा, पाय स्टुलावर, हातात माळ, नजर खिडकीबाहेरच्या बदकांवर. त्याला इंग्रजीचा गंध नव्हता, आणि अरबीतसुद्धा तो दिवसाला दहा शब्द बोलत असेल नसेल. कधीकधी वैजयंती आणि आशा बोलायला लागल्या की त्याच्या हातातली माळ थांबायची. वैजयंतीला वाटायचं, डुलकी लागली असेल.

तर मंगळवारी त्याच्या टाचेवरून जुनी पट्टी सोडवता सोडवता तिने सगळा बेत सांगून टाकला. खालिद शेजारच्या खोलीत फोनवर होता. शुक्रवारी दुपारी कुवेती लोकांचा लंडनमध्ये मोर्चा होता. खालिद आणि त्याची बायको जाणार होते. तीन वाजता आशाने कचऱ्याची पिशवी घेऊन मागच्या दाराने निघायचं. गल्लीच्या तोंडाशी वैजयंतीचा नवरा जयंत निळी गाडी घेऊन थांबेल. बरोबर काही घ्यायचं नाही. आपण स्वतः पट्टीच्या निमित्ताने आत असू.

आशाने विचारलं, "आणि बाबा? ते तर घरीच असतात."

"हा थेरडा?" वैजयंती म्हाताऱ्याकडे बघून गोड हसली, जणू त्याला पाय कसा आहे विचारत होती. "हा अर्धा बहिरा आणि अर्धा मेलेला. ह्याच्यासमोरून हत्ती नेलास तरी कळायचं नाही."

म्हाताऱ्यानेही मान हलवून तिला उलट हसून दाखवलं.

जयंतला हे सगळं भलतंच वाटत होतं. तो रात्रभर कुरकुरला, पोलिसांना कळव म्हणाला, तुझं रजिस्ट्रेशन जाईल म्हणाला. शेवटी एका अटीवर तयार झाला: वीस मिनिटांत दोघींपैकी कोणी बाहेर आलं नाही, तर तो कोपऱ्यावरच्या बूथमधून पोलिसांना फोन करणार. वैजयंतीने हो म्हटलं, कारण तशी वेळ येईल असं तिला वाटलंच नव्हतं.

शुक्रवारी तीनला पाच कमी असताना तिने बेल दाबली. दार खालिदने उघडलं. तो मोर्चाला गेला नव्हता, बायकोला एकटीलाच पाठवलं होतं. शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, कपाळावर घाम, आणि उजव्या हाताच्या बोटांची सालं निघालेली. त्याने रोजच्या अदबीने या म्हटलं आणि ती आत आल्यावर दाराला कडी घातली.

स्वयंपाकघरातून कागद जळल्याचा वास येत होता. वैजयंती तिकडे धावली. आशा शेगडीपाशी फरशीवर पडली होती. एक डोळा सुजून बंद झाला होता, कानामागून रक्त येत होतं, आणि डावा हात कोपराखाली जिथे वाकायला नको तिथे वाकला होता. उजव्या हाताची बोटं भाजून लाल झाली होती आणि त्यात पासपोर्टच्या पुठ्ठ्याचा काळा तुकडा होता. खालिदने एकेक पान फाडून गॅसवर धरलं होतं आणि आशाने जाळात हात घातला होता.

"मी ब्र काढला नाही हो," ती फुटक्या ओठांनी म्हणाली. "आईशप्पथ, मी कोणाला सांगितलं नाही."

वैजयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती वळून खालिदला इंग्रजीत जनावर म्हणाली, आणखीही बरंच म्हणाली. मग त्याचा आवाज फाटला.

"हिच्या पासपोर्टला देश आहे," तो म्हणाला. "माझ्या पासपोर्टला नाही. मोलकरणीला देश आहे आणि मला नाही, हे कसं काय, सांगा ना डॉक्टर."

ती आशाला उचलायला वाकली, तेव्हा त्याने ओट्यावरून इस्त्रीची तोडलेली वायर उचलली. पहिला फटका आशाच्या पाठीवर बसला, त्या जुन्या डागावरच. दुसऱ्या फटक्याच्या आड वैजयंती आली. वायरच्या टोकाचा जड प्लग तिच्या तोंडावर बसला, ओठ दातांवर चिरला आणि ती टेबलावर आदळली. तिसरा फटका तिच्या पाठीवर बसला. आयुष्यात तिला कोणी मारलं नव्हतं, शाळेत मास्तरांनीसुद्धा नाही. दुखण्याआधी तिला लाज वाटली, आणि त्या लाजेचा तिला पुढे कित्येक वर्षं राग येत राहिला.

चौथा फटका बसला नाही. दारात अबू खालिद उभा होता, पट्टीचा पाय फरशीवर टेकवून. जखमेतून रक्त येऊन पट्टी लाल झाली होती. हातातली काठी त्याने मुलाच्या मनगटावर घातली, मग खांद्यावर, मग पुन्हा मनगटावर, अशी की हाड वाजलं. खालिदच्या हातून वायर पडली. त्याने बापावर हात उगारला नाही. तो मागे सरकत भिंतीला टेकला. म्हाताऱ्याने वाकून वायर उचलली आणि ती गुंडाळत गुंडाळत, भिंतीचा आधार घेत, आपल्या खुर्चीकडे परत गेला. वैजयंती आशाला ओढत त्याच्यामागे गेली, कारण त्या घरात दुसरी सुरक्षित जागा तिला दिसत नव्हती.

खुर्चीत बसल्यावर तो तिच्याकडे बघून बोलला.

"मी बोललो, बाय. खालिदला मी सांगितला."

वैजयंतीला आधी कळलंच नाही की आपल्या कानावर पडतंय ते मराठी आहे.

"तेल नव्हता तवा आम्ही मोती विकायचो," म्हातारा म्हणाला. "मुंबईत. आमचा पैसा पण तवा रुपयाच. बारा वर्ष मी मुंबईत होतो. गलबतावर सगळे खलाशी कोकणचे. त्यांच्यासंगं जेवला, त्यांच्यासंगं भांडला. चाळीस वर्ष झाली, कोण बोलला नाय असा माझ्यासमोर. तुम्ही दोघी बोलायच्या, मी ऐकायचो."

"मग का सांगितलं त्याला?" वैजयंती ओरडली. ओठातलं रक्त तिच्या हनुवटीवरून ओघळत होतं. "ती मेली असती!"

म्हातारा सांगायला लागला, अडखळत, शब्द शोधत. लहानपणी तो मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारणारा पाणबुड्या होता. मालकाने मोकळं केल्याचा कागद दिल्याशिवाय पाणबुड्याला दुसऱ्या गलबतावर कोणी घेत नसे. पळाला तर धरून परत त्याच मालकाकडे आणत. आशा कागदाशिवाय पळाली तर तिचंही तेच होईल असं त्याला वाटलं. म्हणून त्याने आज सकाळी मुलाकडे तिचा पासपोर्ट मागितला. जाऊ दे तिला, म्हणाला. बाप मागतो आहे म्हटल्यावर मुलगा देईल, अशी त्याची खात्री होती. मुलाने विचारलं, ती जाणार आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं, आणि त्याने डॉक्टरबाईंचं नाव घेतलं.

बेत वैजयंतीनेच म्हाताऱ्याच्या मांडीपाशी बसून, हसत हसत, घड्याळाच्या वेळेसकट त्याच्या कानात ओतला होता.

पोलीस आले तेव्हा सव्वातीन वाजले होते. जयंतने वीस मिनिटंही धीर धरला नव्हता. एक सार्जंट आणि एक तरुण कॉन्स्टेबल. तेवढ्या वेळात खालिदने तोंड धुऊन बाह्या खाली केल्या होत्या. त्याने शांतपणे, सुरेख इंग्रजीत सांगितलं की नोकराणी जिन्यावरून पडली. या डॉक्टरबाई तिला फूस लावून पळवत होत्या, झटापटीत त्यांना लागलं, त्याबद्दल वाईट वाटतं. सार्जंटने आशाला विचारलं. आशाने खालिदकडे बघितलं आणि पडले म्हणाली. वैजयंती मधे बोलायला लागली तेव्हा सार्जंटने तिला थांबवलं आणि विचारलं की या बाईला पळवून नेण्याचा बेत होता, हे खरं का. ती हो म्हणाली. त्याने ते लिहून घेतलं. आशाचे कागद कुठे आहेत, हेही विचारलं.

मग त्याला खुर्चीतला म्हातारा दिसला. यांनी काही पाहिलं का, त्याने विचारलं. वडिलांना इंग्रजी येत नाही, खालिद म्हणाला, पण मी विचारतो. त्याने अरबीत विचारलं. म्हातारा खिडकीबाहेरच्या बदकांकडे बघत राहिला. सार्जंट वही मिटायच्या बेतात असताना म्हाताऱ्याने मुलाकडे पाठ केली, वैजयंतीचा हात धरला आणि मराठीत बोलायला लागला.

"बाय, ह्यांना सांग. माझ्या पोराने केला. मी बघितला. तिचा हात त्याने मोडला, तुझा तोंड त्याने फोडला, तिचा कागद जाळला. सगळा लिहून घे म्हणावा." त्याने मांडीवरच्या पांघरुणाखालून वायर काढून सार्जंटपुढे धरली. प्लगला केस आणि रक्त चिकटलं होतं. "आणि सांग, हा थेरडा बोलतो. अर्धा बहिरा नाय, अर्धा मेलेला पण नाय."

वैजयंतीने वायरपर्यंतचं सगळं शब्दाला शब्द लावून सांगितलं. फुटक्या ओठामुळे एकेक शब्द तिला दोनदा म्हणावा लागत होता. खालिद बापाला काहीतरी म्हणाला, फक्त एक शब्द, आणि भिंतीला पाठ घासत खाली बसला. म्हाताऱ्याने मान वळवली नाही, पण त्याचे डोळे वाहत होते. कॉन्स्टेबल ॲम्ब्युलन्स बोलवायला गेला. आशा जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाली, मी पडले नव्हते.

सार्जंटने लिहिणं संपवून विचारलं, शेवटी ते आणखी काही म्हणाले का.

"नाही," वैजयंती म्हणाली. "एवढंच."

मग तिने बॅग उघडली, तोंडातलं रक्त रुमालात पुसलं आणि म्हाताऱ्याच्या पायापाशी गुडघे टेकले. शुक्रवार होता, आणि पट्टी बदलायची राहिली होती.