पोत्यातून आलेली काबरी

मांजर आणायची ठरवली सूनबाईनं, पण ती आणायची कशी हे ठरवायला टेंभुर्णीहून रामकिसन आबा आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. नातीनं, तृप्तीनं फोनवर नुसतं एवढं सांगितलं होतं, "आबा, आपल्या घरी मांजर येऊन राह्यली." बस्स! आबांनी घरातल्या लाल मिरच्या पोत्यात भरल्या, तिखटाचंही काम होऊन जाईल म्हणून, आणि सकाळची एसटी धरली. नवीन जालन्यात उतरले, मिरच्या कांडपवाल्याच्या गिरणीवर ओतल्या, पोतं उलटं करून चांगलं झटकलं आणि घडी घालून काखेत मारलं.

लेकाचं घर दोन खोल्यांचं, भाड्याचं. लेक कल्याण एका बियाण्याच्या कंपनीत कामाला. सून साधना, पहिलीतली तृप्ती आणि तीन वर्षांचा पप्पू. पप्पू म्हणजे नुसता उच्छाद. हातात आलेली वस्तू एकतर तोंडात जायची, नाहीतर भिंतीवर आपटायची. त्याच्यासाठीच तर साधनानं पिल्लू न घेता मोठी मांजर घ्यायचं ठरवलं होतं.

हे ज्ञान तिला बेबीनंदाताईंनी दिलेलं. ताई नर्स होत्या. रिटायर झाल्यावर स्टेशनमागच्या गल्लीत गाडीखाली आलेली, कोणी टाकून दिलेली मांजरं सांभाळत. "पिल्लं सगळ्यांनाच पाह्यजेत," त्या साधनाला म्हणाल्या होत्या. "पण बारकी लेकरं असल्या घरात पिल्लाचा चुराडा होतो बाई. ही काबरी घे. चार वर्षांची हाय, मोटारसायकलनं उडवल्ती, एक कान फाटलाय. पण माझी नात तिला बाहुलीसारखी काखेत घेऊन झोपते, नख लावत न्हाई. फक्त हिला आपणहून जवळ येऊ द्या. तिला सोताचं डोकं हाय."

तृप्तीनं ते शब्द देवाच्या आरतीसारखे पाठ केले. नव्या शाळेत तिला अजून एकही मैत्रीण मिळाली नव्हती, आणि मांजर आली की ती आपली पक्की दोस्त होणार, हे तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. आपली जुनी गोधडी तिनं पलंगाखाली अंथरली, वाटीत पाणी ठेवलं, आणि पप्पूला दम दिला, "हात लावला तर पाह्य."

आता इथवर सगळं बराबर चाललं होतं. पण आबा आणि कल्याण मांजर आणायला गेले, बेबीनंदाताईंनी ती झाकणाच्या टोपलीत घालून दिली, आणि आबांचं डोकं सणकलं.

"टोपलीतून हिला रस्ता दिसंल ना! उद्या सकाळी परत ताईच्या दारात. मांजर आणायची तर पोत्यातच, तोंड झाकून. आमच्या आज्यापासून असंच करून राह्यलो आमी."

"आबा, इथं दहा मिनिटाचा रस्ता," कल्याण म्हणाला.

"मंग तर अजून जल्दी वापस जाईल."

यापुढं कोण बोलणार? कोपऱ्यावर रिक्षात बसल्यावर आबांनी टोपलीतली मांजर पोत्यात उतरवली, तोंडाला सुतळी बांधली, आणि मिशीवर हात फिरवला. रिक्षावाला एकामागून एक शिंका देत होता. "सर्दीचं औषध घे बाबा," आबांनी त्याला प्रेमानं सांगितलं. पोत्यात मांजर आधी ओरडली, मग तिनं उड्या घेतल्या, मग घशातून असा काही आवाज काढला की कल्याण सरकून बसला. घरापुढं आल्यावर आबांनी पोतं छातीशी धरून जागच्या जागी तीन गिरक्या घेतल्या, म्हणजे दिशा हुकते. गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसू द्या, आबांना काय त्याचं!

घरात तृप्ती शिकवल्याप्रमाणं भिंतीला पाठ लावून गप बसली होती. आबांनी सुतळी सोडली.

मांजर बाहेर आली ती सरळ आगीतून निघाल्यासारखी. डोळे मिटलेले, त्यातून पाणी गळतंय, तोंडाला फेस. ती भिंतीवर आदळली, भांड्यांवर आदळली. तृप्तीनं हळूच हात पुढं केला, "ये गं काबरे," आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत रक्ताच्या रेघा उमटल्या. मांजर पलंगाखाली शेवटच्या कोपऱ्यात घुसली.

मग काय विचारता! पप्पू भोकाड पसरून रडतोय, कल्याण चप्पल शोधतोय, साधना लेकीचा हात साबणानं धुतेय. सरकारी दवाखान्यात इंजेक्शन झालं, पुढची घ्यायला कोणत्या तारखांना यायचं ते सांगितलं. तृप्ती सुईला रडली नाही.

घरी आल्यावर आबांनी तोफ डागली ती सुनेवर. "लेकरापरीस मांजर जास्त झाली का तुला? मोठं जनावर, कुणाचं कुठलं! डोळे पाह्यले का तिचे? लाल लाल, खुनशी! बिलकुल ठेवायची न्हाई. उद्या नेऊन द्यायची."

"मामा, तिला एक-दोन दिवस देऊन पाहू ना," साधना म्हणाली. "नवीन घर हाय. मी पन आल्ते तवा आठ दिवस धड जेवले नव्हते."

"तू कोणाला वरबाडलं नव्हतंस!"

साधना उठून आत गेली. कल्याणनं मान हलवली. त्यालाही भीती बसली होती. सकाळी कामावर जाताना टोपली घेऊन जातो, म्हणाला. आबांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण जेवायच्या वेळी तृप्ती त्यांच्याजवळ येऊन बसली.

"आबा, तिनं पप्पूला कामून न्हाई ओरखाडलं?"

"तो लांब होता, माय."

"न्हाई. त्या ताईच्या नातीला बी ती काही करत न्हाई. मलाच केलं." मग ताटातली भाकर चिवडत ती म्हणाली, "मी कुनालाच आवडत न्हाई ना?"

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. साठ वर्षांत माणसांना, बैलांना, ग्रामसेवकालासुद्धा उत्तर दिलेला हा माणूस. "येडी का खुळी," एवढंच ते म्हणाले, आणि ते किती कमी पडलं हे त्यांना पोरीच्या तोंडावर दिसलं.

सकाळी आबा गावाकडं निघायच्या तयारीत होते. कल्याण टोपली घेऊन पलंगाशी वाकला होता. पोतं कोपऱ्यात पडलेलं. पप्पूला ते दिसलं, आणि पप्पूच तो! "मी मांजर, म्याँव," म्हणत डोक्यासकट आत शिरला.

आतून जी किंकाळी आली, ती ऐकून शेजारची दारं उघडली. साधनानं ओढून बाहेर काढलं, तर पोराचे डोळे मिटलेले, नाकातोंडातून पाणी, शिंकांवर शिंका. आईनं जवळ घेतलं तर तिच्याच तोंडावर नखं मारतोय, पाय झाडतोय, तिला ओळखतच नाही. "अगं माय, काय झालं माझ्या लेकराला?" साधना त्याला तशीच नळाखाली घेऊन गेली.

आबांनी पोतं उचललं. नाकाशी धरलं. त्यांना कसलाच वास आला नाही. जन्म मिरचीत गेलेला, खळ्यावर मिरच्यांच्या ढिगाला टेकून झोपणारा माणूस, त्याला काय ठसका लागणार? त्यांनी पोत्याच्या शिवणीत बोट घातलं आणि बोट डोळ्याच्या कडेला लावलं.

आई गं!

पाणी पुसत ते उभे राहिले. नळाखाली पप्पू शांत होत होता. साधनाला पोराशिवाय काही दिसत नव्हतं, कल्याण तिकडं धावला होता. पोतं घडी करून पिशवीत घातलं असतं, एसटी धरली असती, तर मांजर टोपलीतून गेली असती आणि कोणी कोणाला काही विचारलं नसतं. आबांच्या मनात हे आलं. आलं म्हणजे चांगलं घर करून बसलं. पण दारात तृप्ती उभी होती, पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून, रिकाम्या टोपलीकडं बघत.

"कल्याण," आबा म्हणाले, "टोपली राहू दे. मांजरीची चूक न्हाई. ह्या पोत्यात मिरच्या आणल्या होत्या म्या."

साधना ओल्या पदरानं पोराचं तोंड पुसत वळली. "लेकराच्या डोळ्यात गेलं तवा कळलं का, मामा?"

"व्हय," आबा म्हणाले. "तवाच कळलं."

तिनं अजून बोलावं असं त्यांना वाटत होतं. पण तिनं बेबीनंदाताईंना फोन लावला. ताईंनी आबांचा जो उद्धार केला तो फोन कानापासून लांब असूनही सगळ्यांना ऐकू आला. मग सांगितलं, मी स्वतः औषध घेऊन येते, तोवर कोणी काबरीला ओढून काढू नका.

आबा पोरीसमोर उकिडवे बसले. "समजलं का तुला? तिचे डोळे जळत होते. पप्पूनं आत्ता सोताच्या मायला वरबाडलं, तसंच."

तृप्तीनं विचार केला. "म्हंजे मी तिला नावडत न्हाई?"

"अगं माझे माय, तिनं तर तुला आजून पाह्यलंबी न्हाई."

पोरीच्या ओठांचे कोपरे हलले. मग ती एकदम वकिलासारखी उभी राहिली. "मंग तिला सांगा. तुमचं चुकलं म्हून."

"आँ? मांजरीला?"

"मला सांगून काय उपेग? डोळे तिचे जळले."

कल्याणनं तोंड फिरवलं. साधनानंही. आबांनी डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली, गुडघे टेकले, आणि पलंगाखाली डोकावले. "आडवं व्हा," तृप्ती म्हणाली, "तिला तुमचं तोंड दिसत न्हाई." टेंभुर्णीच्या रामकिसन आबांनी फरशीवर पोटावर पडून गाल टेकवला. अंधारात तिकडच्या कोपऱ्यात दोन सुजलेले डोळे किलकिले झाले.

"चुकलं बाई माझं," आबा म्हणाले. "लई चुकलं."

मांजरीनं फिस्स केलं.

"तिला आजून राग हाय," तृप्ती म्हणाली. "उद्या परत सांगा."

"उद्या मी गावाला, माय."

तृप्तीही फरशीवर आडवी झाली, त्यांच्या खांद्याला खांदा लावून, आणि पलंगाखाली बघू लागली.

"बरं," आबा म्हणाले. "उद्याबी सांगतो."

"आन् परवा?"

"परवाबी."