हाकेचं लुगडं

त्या व्हिडिओतली बुढी मीच काय, म्हनून इचारता? हाव, मीच. रंगूबाई. अन् माह्या अंगात काई आलं नव्हतं. देवी नाई, भूत नाई, काईच नाई. बसा इथं, सांगते.

हे आमचं बेट काई जन्माचं बेट नाई. धरन झालं तवा गाव पान्याखाली गेलं, वरची टेकडी तेवढी राह्यली. उन्हाळ्यात तुमी गाळ तुडवत पायी याल. पोळा झाला की पानी चढते अन् होळीपर्यंत चारी बाजूनं घेरून राह्यते. आमी मोजकी घरं टेकडीवरच राह्यलो. पानी उतरलं की गाळात पेरा करायचा, चढलं की मासोळी धरायची, असं आमचं चालते.

भरल्या पान्यात कोनाले काई झालं तर? इथं मोबाईलले रेंज नाई. त्याच्यासाठी हाकेचं लुगडं. टेकडीवरच्या मोठ्या निंबाले बांबू बांधला हाये. त्याच्यावर लाल लुगडं चढलं की त्या काठावरच्यानं समजायचं, बेटावर जीव अडला. ज्याले दिसन त्यानं हातातलं काम टाकून डोंगा काढायचा. बोलचाल बंद असली तरी यायचं. याच्यात कोनी कधी कसूर केली नाई.

आता बोट चालवते ना, तो भाऊसिंग याच लुगड्यावर जगात आला. त्याची माय रामीबाई अडली होती, पोर आडवं. माहा बुढा शालिग्राम तवा त्या काठावर बैल धूत होता. लुगडं दिसलं तसे बैल पान्यात सोडले अन् डोंगा हानत आला. तिले वाशीमच्या दवाखान्यात पोचवलं, तवा मायलेक वाचले. बैल मातर दुसऱ्याच्या तुरीत घुसले अन् आमी वर्षभर शिव्या खाल्ल्या.

मंग पाहुने येऊ लागले. आधी शिरपूरले दर्शनाले आलेले लोक वाट वाकडी करून येत. आमी बी खुशीनं भाकर-ठेचा वाढत होतो, भरीत करत होतो. पाहुना आला की बरं वाटे. खोटं कायले बोलू? पन एका बाईनं त्या बांबूवरच्या लुगड्याचा फोटो काढला अन् तो कुठच्या कुठं गेला. झालं! त्या काठावरच्या गावचा वीरेंद्र पर्यटन समितीचा अध्यक्ष होऊन बसला होता. त्यानं गठ्ठेच्या गठ्ठे लाल लुगडी आनली अन् हरेक झाडाले बांधली. काठावर पाटी लावली, ‘लाल लुगड्यांचं बेट’.

म्या म्हनलं, "अरे बयताडा, मंग हाक कशी मारायची?"

तो म्हने, "काकू, आता इंजिनची बोट हाये. रातंदिवस बेटालेच बांधलेली राहीन. हाक कायले पाहिजे?"

आमचे डोंगे त्यानं त्या काठावर नेऊन पालथे घातले. बोटीले आडवे येतात म्हने. मी लय भांडली. दोनदा तर झाडावरची लुगडी ओढून त्याच्या अंगावर फेकली. लोक हासले. रंगूकाकूचा सोभावच तसा, म्हने.

दसऱ्यानंतरचा रविवार. पाहुन्यांची जत्राच भरली होती. आमचे गडीमानसं त्या काठावर गाड्या लावायले गेलेले. बुढा बकरीसाठी सोयाबीनचं कुटार ओढाले गेला अन् कुटारातून नागानं पायाले धरलं. म्या पाह्यला, काळाभोर गेला भिंतीकडं. शेजारची रूपा धावत आली. तिनं त्याले निजवलं, पाय हालू देला नाई.

बुढा घाबरला नाई. म्हने, "सुई भेटली की होते बरं. जाय, लुगडं चढव."

त्याले बी भान राह्यलं नाई पाहा. मले बी नाई. इतक्या वर्साची सवय. मी धावली, पेटीतलं लुगडं काढलं, बांबूवर चढवलं अन् मांगं वळून पाह्यलं. माय वं! समदी टेकडी लाल. निंब लाल, बाभळी लाल. त्याच्यात माहं कोनतं, मलेच वळखू येईना. खाली बोट पाह्यली तर कुठं हाये? बेटाले बांधून ठेवनार होते ना? भरून चालली होती त्या काठाले, वर गाने लावून.

मंग मले एकच सुचलं. बाकीची समदी काढली तरच माहं एकटं दिसन. इळा घेतला अन् सुटली. जिथवर हात पुरला तिथवर कापली, नाई तिथं ओढली. पदर गेला, केस सुटले, पायात काटे गेले. पाहुन्यांनी वाट मोकळी केली, अन् मोबाईल वर केले.

"अंगात आलंय आजींच्या!" कोनी तरी म्हनलं.

मी वरडत होती, "बोट! बोट बोलवा!" तर एक जन म्हनते, "येईल हो आजी, रांगेत या." एका बाईनं तर माह्या पायाशी नारळ ठेवला, डोकं टेकवलं. तिच्या अंगावरून उडी मारून मी पुढच्या झाडाकडं गेली. जीव जळून राह्यला होता माहा, अन् हे हात जोडून उभे!

शेवटी एका चष्मेवाल्या पोरीनं माहा हात धरला. "आजी, काय झालं?" तिनं इचारलं. तेवढ्या गर्दीत तिनं एकटीनं. म्या सांगितलं तसा तिचा चेहरा उतरला. फोन घेऊन ती टेकडीभर पळाली, पन रेंज कुठून येनार? तोवर निंबावर माहं लुगडं एकटं फडफडून राह्यलं होतं. साफ दिसत होतं.

बोट आली, पन हाकेवर नाई. पुढचे पाहुने भरून, तिच्या येळेवर आली. बुढ्याचे डोळे मिटत होते, जीभ जड झाली होती. आमी त्याले बोटीत टाकला. पान्यामंधातच त्याचा श्वास अडकला.

तेरवीले भाऊसिंग दारात येऊन बसला. खाली मान घालून म्हने, "काकू, मले दिसलं होतं. तुमी लुगडी काढून राह्यल्या, मंग एकच राह्यलं, समदं दिसलं. मले वाटलं, वीरेंद्रसंगं भांडून राह्यल्या."

तो रडत होता. म्या त्याले जेवाले वाढलं. राग गेला म्हनून नाई वाढलं. राग तर आजबी हाये, मरेस्तोवर राहीन.

अवंदा पानी चढलं तवा रूपाच्या सुनेले, निकिताले, आठवा लागला होता. झाडं पुन्हा लाल. व्हिडिओपायी पाहुने दुप्पट. आमी बेटावरच्या बाया बसलो अन् ठरवलं, लाल तर गेलं, आता हाकेचं पांढरं. म्या माहं पांढरं लुगडं देलं. काठावरून दिसते का नाई हे पाह्याले म्या अन् रूपानं ते बांबूवर चढवलं.

थोड्या वेळानं बोट आली. जीव सुखावला माहा. आले वं, म्हनलं, दिसलं यायले!

वीरेंद्र उतरला, वर पाहू लागला. मोबाईल काढला, एक फोटो घेतला.

"काकू," तो म्हने, "लालमंधी पांढरं काय उठून दिसते! अजून पाच-पन्नास आनू काय?"

म्या त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. तो मस्करी करत नव्हता. त्याले खरंच काई समजलं नव्हतं.

म्या लुगडं उतरवलं, घडी घातली अन् रूपाले म्हनलं, पोरीचे कपडे बांध. त्याच बोटीनं निकिताले तिच्या माहेरी, आसेगावले, धाडून देलं. बेटावर आता पाहुन्यांनीच राहावं.